ईश्वराची भागीदारी आणि स्त्रियांचा कारभार : केडगावच्या मुक्ती मिशनचा आर्थिक इतिहास (१८८९–१९२२)

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाचा आर्थिक इतिहास प्रामुख्याने सारा, कर्ज आणि पाणी या तीन सूत्रांभोवती लिहिला गेला आहे. प्रिंगल यांची साराआकारणी अपयशी ठरल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातच नव्या जमाबंदीचा आरंभ केला आणि पुढे तीच मुंबई इलाख्यातील रयतवारीचा नमुना ठरली. बारामतीजवळील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या शिवारात आले आणि ऊसशेतीचा पाया घातला गेला. या तिन्ही प्रकरणांत कुणबी, सावकार, मामलेदार आणि अभियंता ठळकपणे दिसतात. उत्पादन, हिशेब आणि व्यवस्थापन करणारी स्त्री मात्र त्यांत जवळजवळ कोठेच आढळत नाही.

याच परिसरात, पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांनी चालविलेली एक मोठी वसाहत उभी राहिली. आजच्या दौंड व बारामती तालुक्यांचा मोठा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. या कोरडवाहू टापूत पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनाची स्थापना केली. शेती, गोठा, घाणा, माग, शिवणकाम, कल्हई, धुलाई आणि छापखाना असे अनेक उद्योग तेथे स्त्रियांच्या हातांनी चालत. या सर्व व्यवहाराचा खरा धनी ईश्वर असून आपण त्याच्या कामातील भागीदार व कारभारी आहोत, अशी तेथील ख्रिस्ती स्त्रियांची धारणा होती.

रमाबाईंचा विचार धर्मांतर, विधवांचे शिक्षण आणि स्त्रीमुक्ती या अंगांनी पुष्कळ झाला आहे. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्या अभ्यासांनी त्यांना आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात पुन्हा मध्यवर्ती स्थान मिळवून दिले. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न मर्यादित आहे. ईश्वराला भागीदार मानल्यामुळे या संस्थेच्या आर्थिक व्यवहारात प्रत्यक्ष काय बदलले, आणि काय बदलू शकले नाही?

समितीच्या नियंत्रणाखालील संस्था : शारदा सदन

मुक्ती मिशनचे अर्थकारण समजून घेण्यासाठी त्याच्या आधीच्या संस्थेकडे पाहणे आवश्यक आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आई-वडील गमावले. १८८२ मध्ये वैधव्य आले तेव्हा त्यांच्या पदरी लहानगी मनोरमा होती. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने १८८६ मध्ये त्या अमेरिकेस पोहोचल्या.

अमेरिकेतील वास्तव्य आर्थिक दृष्ट्याही महत्त्वाचे ठरले. तेथील स्त्रियांच्या संघटना सभा कशा घेतात, वर्गणी कशी जमवितात, आपल्या संस्थांचा कारभार कसा चालवितात, याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेविषयीच्या मराठी ग्रंथात या निरीक्षणांना मोठे स्थान आहे. बालोद्यान शिक्षणपद्धतीचाही त्यांनी तेथे अभ्यास केला. हाताने काम करणे हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार त्यांच्या पुढील कार्यात सतत दिसतो.

१८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे आर्थिक साहाय्य करण्याचे मान्य केले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. शाळा धर्मनिरपेक्ष राहील अशी अट होती. उच्चवर्णीय विद्यार्थिनींना आपले जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. म्हणजे पैसा बोस्टनचा, सल्ला पुण्यातील पुरुष सुधारकांचा आणि दैनंदिन कारभार रमाबाईंचा, अशी ही त्रिविध रचना होती.

१८९३ मध्ये ही रचना कोलमडली. काही विद्यार्थिनी ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळत असल्याच्या कारणावरून वाद पेटला. ‘केसरी’ने कठोर टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाकडे धार्मिक संघर्ष म्हणून पाहणे योग्यच आहे. पालकांच्या आणि सल्लागारांच्या आक्षेपालाही आधार होता, कारण धर्मनिरपेक्षतेच्या आश्वासनावरच त्यांनी विश्वास ठेवला होता. परंतु आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने त्यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. संस्थेचे अस्तित्व ज्यांच्या पाठिंब्यावर अवलंबून असते, ते संस्थेच्या अंतःकरणावरही हक्क सांगतात. हा धडा रमाबाईंनी कायमचा लक्षात ठेवला असे त्यांच्या पुढील निर्णयांवरून दिसते.

केडगावची जमीन : स्वावलंबनाचा पहिला प्रयत्न

अमेरिकन साहाय्याची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्यानंतरच्या खर्चाची तरतूद म्हणून १८९० च्या दशकाच्या मध्यास केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेण्यात आली. तेथे संत्री, लिंबू, आंबा यांसारखी फळझाडे लावावीत आणि त्यांच्या उत्पन्नावर शारदा सदन चालवावे अशी योजना होती. रेल्वे स्थानक जवळ असल्याने माल पुण्याच्या बाजारात पाठविणे शक्य होते. ही योजना पूर्णपणे व्यावहारिक होती. सावकारी कर्जाच्या इतिहासाने ग्रासलेल्या या टापूत एका स्त्रीने कर्जाऐवजी विहीर आणि बागेवर संस्थेचा पाया घालण्याचा विचार करावा, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

दुष्काळाने ही योजना बदलून टाकली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बालपणी उपासमार अनुभवलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व तरुण स्त्रियांना त्यांनी सोबत आणले. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ पसरली होती आणि शहरात नव्या लोकांना ठेवण्यावर निर्बंध आले. परिणामी फळबागेसाठी घेतलेली जागा निवाऱ्याची जागा झाली. १८९८ च्या सप्टेंबरमध्ये मुक्ती सदनाचे समर्पण झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि वसाहतीची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

शारदा सदनातील विद्यार्थिनी बहुतांशी ब्राह्मण व उच्चवर्णीय होत्या. मुक्ती सदनात मात्र अनेक जातींच्या, अनेक भाषा बोलणाऱ्या, कुपोषित आणि अनाथ मुली एकत्र आल्या. बाग पिकून उत्पन्न सुरू होण्यापूर्वीच खाणारी तोंडे कित्येक पटींनी वाढली होती.

भागीदारीचे तत्त्व : न मागण्याचा नियम

या टप्प्यावर रमाबाईंनी संस्थेच्या अर्थकारणासाठी वेगळे तत्त्व स्वीकारले. ब्रिस्टल येथे हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्यूलर आणि १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन स्थापन करणारे हडसन टेलर यांची चरित्रे त्यांनी वाचली होती. कोणाही माणसाकडे पैसा मागावयाचा नाही, गरज प्रार्थनेत ईश्वरापुढे ठेवावयाची आणि जे मिळेल त्यावर भागवावयाचे, ही या ‘विश्वासावर चालणाऱ्या’ मिशनांची रीत होती. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीपर लेखनात रमाबाईंनी मुक्तीची स्थिती स्पष्ट केली आहे. संस्थेचे कोठेही बँक खाते नाही, कायम निधी नाही, ठरलेले उत्पन्न नाही. तरीही सुमारे दीड हजार माणसे आणि शंभराहून अधिक जनावरे यांचे रोजचे पोषण होत आहे, असा त्या निवेदनाचा आशय आहे.

उद्योगात ईश्वराला भागीदार मानण्याची कल्पना ख्रिस्ती जगात अन्यत्रही आढळते. विसाव्या शतकात अमेरिकेतील माती हलविणाऱ्या यंत्रांचे निर्माते आर. जी. लेटूर्नो यांनी आपला व्यवसाय ईश्वरच चालवितो असे जाहीरपणे सांगितले आणि मिळकतीचा बहुतांश भाग धर्मकार्यास दिला. या दोन उदाहरणांतील भेद महत्त्वाचा आहे. लेटूर्नो यांच्या बाबतीत भांडवल, मालकी आणि नफा अगोदर व्यक्तीचा होता. त्यातील वाटा ईश्वराला दिला जात होता. केडगावच्या स्त्रियांपाशी भांडवलही नव्हते आणि खासगी नफ्याची अपेक्षाही नव्हती. त्यांनी ईश्वराला मालक मानले आणि स्वतःकडे श्रम व जबाबदारी ठेवली. मराठी व्यवहारातील जुन्या शब्दांत सांगावयाचे तर धनी वरचा होता आणि कारभार त्यांचा होता.

या धारणेचा पहिला व्यावहारिक परिणाम नियंत्रणावर झाला. संस्थेचा मालक कोणी दाता अथवा समिती नसल्याने प्रवेश कोणाला द्यावा, कोणते काम सुरू करावे, प्रार्थना कशी करावी हे ठरविण्याचा अधिकार संस्थेतील स्त्रियांकडे आला. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या तेव्हा सुंदराबाई पवार यांनी कार्याची धुरा सांभाळली. अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स याच काळात मुक्तीच्या कामात सहभागी झाल्या. पुढे मनोरमाबाई मेधावी यांनी शारदा सदनाच्या शाळेचे नेतृत्व केले. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने औद्योगिक शिक्षणाचे मोलाचे काम केले आणि बारामतीत विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ ख्राइस्ट या पंथाच्या मिशनने कार्य सुरू केले. परंतु ही कामे परदेशस्थ मंडळांच्या अंदाजपत्रकावर आणि संमतीवर चालत. मुक्तीतील निर्णय केडगावातच होत.

उद्योगांची रचना

प्रार्थनेने धान्य येईल या श्रद्धेचा अर्थ हातावर हात ठेवून बसणे असा मुक्तीत कधीच घेतला गेला नाही. प्रत्येक निवासिनीचा दिवस प्रार्थना, शिक्षण आणि काम यांत विभागलेला असे. उद्योगांची निवड पाहता तिच्यामागील तर्क स्पष्ट होतो. दीड हजार माणसांना जे रोज लागते, तेच प्रथम तयार करण्यात आले. घाण्यावर तेल निघे, मागावर कापड विणले जाई, शिवण विभागात कपडे तयार होत, गोठ्यातून दूध मिळे, शेतातून भाजीपाला व धान्य येई. शेकडो माणसांचा स्वयंपाक तांब्या-पितळेच्या भांड्यांत होत असल्याने कल्हई ही चैन नव्हती, आरोग्याची गरज होती. तीही स्त्रियाच शिकल्या. परिचर्या आणि धुलाईचे विभाग स्वतंत्र होते. अंध मुलींसाठी वेगळा विभाग होता. तेथे ब्रेल लिपी शिकविली जाई आणि टोपल्या विणण्यासारखी कामे दिली जात.

या यादीचा सामाजिक अर्थ तिच्या आर्थिक अर्थापेक्षाही दूरगामी आहे. गावगाड्यात तेल गाळणे तेल्याचे, विणणे साळी-कोष्ट्याचे, कपडे धुणे परटाचे अशी कामे जन्माने ठरलेली होती. कल्हईसारखा फिरता धंदा पुरुषांच्या हाती होता. केडगावच्या आवारात हीच कामे एका छपराखाली आणि निरनिराळ्या जातींत जन्मलेल्या स्त्रियांनी केली. कोणते काम कोणी करावे हे जन्माऐवजी क्षमता, प्रकृती आणि गरज यांवरून ठरू लागले. व्यवसायाची जातीपासून झालेली ही फारकत भीमथडीच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत त्या काळी असाधारण होती.

कायद्याचीही एक बाजू येथे लक्षात घ्यावी लागते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याने पत्नीची मजुरी व कमाई ही तिची स्वतंत्र मालमत्ता मानली. परंतु हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांना तो लागू नव्हता. ख्रिस्ती स्त्रीला मात्र त्याचे संरक्षण मिळत होते. मुक्तीत कसब शिकून विवाहानंतर बाहेर पडलेल्या ख्रिस्ती स्त्रीच्या हातात त्यामुळे दोन गोष्टी होत्या : कमाईचे साधन आणि त्या कमाईवरील कायदेशीर हक्क.

छापखाना : भागीदारीचे सर्वांत कसोटीचे काम

मुक्तीच्या उद्योगांत छापखान्याचे स्थान वेगळे आहे. खिळे जुळविणे, छपाई, मुद्रितशोधन आणि पुस्तकबांधणी ही सारी कामे स्त्रिया करीत. ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे वृत्तपत्रक येथूनच निघे आणि देशोदेशींच्या वाचकांपर्यंत संस्थेची हकीकत पोहोचवी.

छापखान्याचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित मराठी बायबलची भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना कठीण वाटते, असा रमाबाईंचा अनुभव होता. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे सोप्या मराठीतील भाषांतरास दिली. त्याच्या साहाय्यासाठी हिब्रू व ग्रीक अक्षरांचे खिळे जुळविण्याचे कामही मुक्तीतील स्त्रिया शिकल्या. दुष्काळी छावणीतून आलेल्या मुलींनी काही वर्षांत तीन लिप्यांमधील जुळणी करावी, हे तंत्रशिक्षणाच्या इतिहासातील उल्लेखनीय उदाहरण होय. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

नफ्याच्या कसोटीवर हा प्रकल्प तोट्याचा ठरला असता. कोणत्याही व्यापारी मुद्रकाने एवढा काळ मनुष्यबळ गुंतवून ठेवले नसते. भागीदारीच्या तत्त्वानुसार मात्र हे काम मालकाचेच होते आणि त्यामुळे त्याला अग्रक्रम मिळाला. मुक्तीच्या अर्थकारणात उद्योगाचे मूल्य कसे ठरविले जाई, हे येथे सर्वाधिक स्पष्ट होते.

मर्यादा आणि प्रश्न

या व्यवस्थेचे मूल्यमापन करताना तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा स्वावलंबनाची. घाणा, माग आणि शेती यांनी खर्च कमी केला व कौशल्य दिले. परंतु वसाहतीचा मुख्य आधार देणग्याच राहिल्या. त्यांतील मोठा भाग ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून येई. शारदा सदनासाठी १८९८ मध्ये पुनर्रचित झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनचे साहाय्यही चालू राहिले. ‘न मागणे’ आणि ‘न सांगणे’ यांत फरक आहे. मुक्तीने मागितले नाही, पण वृत्तपत्रके, अहवाल आणि भाषणे यांतून आपली स्थिती सातत्याने सांगितली. १८९८ मध्ये इंग्लंडमधील केझिक येथील धर्मसंमेलनात रमाबाई बोलल्या, त्याचाही पुढे लाभ झाला. याला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मिळालेल्या पैशाचा जाब देणे हे कारभाऱ्याचे कर्तव्यच होते. मात्र ईश्वराच्या भागीदारीमागे साम्राज्याच्या टपालमार्गांनी जोडलेले दात्यांचे जाळे होते, हे वास्तव इतिहासलेखनात दृष्टिआड करता येणार नाही.

दुसरी मर्यादा अधिकाराची. समिती दूर झाल्यावर ईश्वराची इच्छा काय आहे हे सांगण्याचा अधिकार व्यवहारात रमाबाईंपाशी एकवटला. अदृश्य मालकाच्या वतीने बोलणाऱ्या कारभाऱ्याला प्रश्न विचारणे सोपे नसते. मनोरमाबाईंचा २४ जुलै १९२१ रोजी आणि रमाबाईंचा पुढच्या एप्रिलमध्ये मृत्यू झाल्याने नेतृत्वाची दुसरी पिढी एकाएकी नाहीशी झाली आणि व्यवस्थेची सूत्रे परदेशी मिशनरी स्त्रियांकडे गेली. कारभार स्त्रियांकडेच राहिला. तो मराठी स्त्रियांच्या हाती मात्र तसा राहिला नाही.

तिसरा प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा. उपासमारीतून वाचविलेल्या अल्पवयीन मुलीपुढे धर्मनिवडीचे स्वातंत्र्य कितपत होते, हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. १९०५ मध्ये मुक्तीत घडलेल्या आध्यात्मिक पुनरुज्जीवनानंतर संस्थेचे ख्रिस्ती स्वरूप अधिक तीव्र झाले. शेकडो मुली जगल्या, शिकल्या, कमावत्या झाल्या हे सत्य आहे. आणि अन्न, निवारा, काम व धर्म हे सर्व त्यांना एकाच हातून मिळत होते हेही सत्य आहे. यांपैकी एक सत्य दुसऱ्याने खोडले जात नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ईश्वराशी भागीदारी ही मुक्ती मिशनमध्ये भक्तीची भाषा होती, तशीच ती व्यवस्थापनाची पद्धतही होती. १८९३ च्या अनुभवानंतर दाते आणि सल्लागार यांच्या नियंत्रणातून संस्था मोकळी करण्याचे ते प्रभावी साधन ठरले. रोजच्या गरजा प्रथम भागविणारे उद्योग निवडल्यामुळे दुष्काळग्रस्त स्त्रिया आश्रितांच्या जागी उत्पादक झाल्या. जन्माने ठरलेले व्यवसाय जातीपासून वेगळे काढता येतात, हे गावगाड्याच्या मधोमध सिद्ध झाले. त्याच वेळी देणग्यांवरील अवलंबन, अधिकाराचे केंद्रीकरण आणि धर्मनिवडीचा प्रश्न यांपासून ही व्यवस्था मुक्त नव्हती.

इंदापूरची जमाबंदी, सुप्याचा उठाव आणि नीरेचा कालवा यांच्या शेजारी केडगावच्या घाण्याची, मागाची आणि छापखान्याची नोंद केल्यास या परिसराच्या आर्थिक इतिहासात स्त्रिया श्रमिक, कारागीर आणि कारभारी या तिन्ही नात्यांनी दिसू लागतात. मुक्ती मिशन केडगाव येथे आजही कार्यरत आहे. दौंड, बारामती आणि इंदापूर परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी या संस्थेकडे चरित्र आणि धर्म यांच्या पलीकडे जाऊन स्थानिक आर्थिक इतिहासाचे साधन म्हणून पाहिल्यास, ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या उद्योजकतेची परंपरा बचत गटांच्या काळापेक्षा पुष्कळ मागे नेता येईल.